पाणपोईची कविता

अमरावती
१७ मार्च २०२५, सोमवार

जानराव,

माझा रामराम घे. तुझा जयभीम पोचला असं मी धरून चालतो, कारण तू तो देणार नाहीस. माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या सुगतच्या फोनवर केला तर सूनबाई म्हणते, "बाबा फिराले गेले." अकोल्याच्या दुपारच्या उन्हात फिरणारा जानराव मी साठ वर्षांत पाहिलेला नाही. म्हणून कागद घेतला. चिठ्ठी न वाचता फेकणं तुला जमायचं नाही.

काल रविवार. आपलं पाणपोई मंडळ नेहमीसारखं कोहापाणीला गेलं. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला आणि मी खिडकीची काच खाली केली. पळस उतरणीला लागलाय, मोह टपकायला लागलाय. तो गोड आंबूस वास आला की मला नांदगावची शाळा आठवते. का ते सांगता येत नाही, तिथे मोह कुठे होता? पण वासाला कोण विचारणार.

काम तेच. पर्यटकांनी फेकलेल्या बाटल्या आणि पुड्या वेचल्या, वणवा अडवायच्या जाळरेषेवरचा पाला झाडून काढला, पाणवठ्यातलं शेवाळ खराट्यानं घासलं आणि देवानंदच्या ट्रॅक्टरमागच्या टाकीतून पाणी सोडलं. रीतही तीच. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची. ट्रॅक्टर पुढे, आपण मागे. आणि पाणवठा येईपर्यंत वामनराव गुरुजींची कविता मोठ्यानं म्हणायची, म्हणजे जनावरांना आपण आल्याचं कळतं आणि ती बाजूला होतात.

ओढ्याकाठी उभा पळस,
डोईवरती जळता कळस.
वाट पाहतो कोणाची?
वाट पाहतो पाण्याची!

प्रश्न मी विचारतो, उत्तर सगळे मिळून देतात. चौथीत उत्तर तू एकटा द्यायचास, मागच्या बाकावरून. गुरुजींनी स्वतः रचलेली ही कविता कोणत्याच पुस्तकात नाही. ती आपल्या वर्गाबरोबर मरून जाईल असं मला वाटायचं. आता ऐक. कोहापाणीच्या पोरांना ती पाठ झाली आहे! आमचं ऐकून ऐकून. माणिकबाईची नात आचल आहे ना, तिसरीतली, ती मोहफुलं वेचताना प्रश्न विचारते आणि बाकीची पोरं टोपल्या वाजवत उत्तर देतात. ओढ्यापलीकडून तो आवाज आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी जंगलात पोचले, जानराव!

तू म्हणाला होतास, "देवीदास, तू जनावराले पाणी पाजतो का कीर्तन करतो? जंगलात माणसानं मुक्यानं जावं आन् मुक्यानं यावं." मी त्यावर तुझ्या फुटक्या आवाजाबद्दल जे बोललो ती गंमत होती. चारचौघांत केली, एवढंच. त्यासाठी माणूस मंडळ सोडतो? गाव सोडून पोराकडे जाऊन राहतो?

पाणवठ्याच्या काठच्या चिखलात एक पाऊल उमटलेलं होतं. वनरक्षक पायलताईनं त्यावर पळसाचं पान ठेवलं आणि म्हणाली, जुनं आहे. मोठं होतं.

तुझी दीक्षा बरी आहे. बाजारात दिसली होती.

तुझा
देवीदास


अमरावती
३१ मार्च, सोमवार

जानराव,

उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नव्हती, असं लिहितो.

काल जे झालं ते कोणाला तरी सांगायला हवं. घरात सांगितलं तर उद्यापासून माझ्या चपला लपवतील. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अख्खा जन्म गेलेला माणूस मी. भीती म्हणजे साहेबाची, एवढंच मला माहीत होतं.

काल जंगल गप्प होतं. तू विज्ञानाचा मास्तर, तू म्हणशील की उन्हाळ्यात पाखरं सकाळीच बोलून घेतात. सकाळच होती. आम्ही कविता म्हणत चाललो होतो आणि आमच्याशिवाय काहीही बोलत नव्हतं. मग ओढ्याच्या बाजूच्या झाडावरून वानरानं खाकरून इशारा दिला. एकदाच. पायलताईनं हात वर केला. आम्ही सगळे थांबलो, पण माझं तोंड सवयीनं पुढे गेलं आणि मी एकट्यानंच विचारलं, "वाट पाहतो कोणाची?"

उत्तर कोणी दिलं नाही. त्या शांततेत ती ओळ मला कोणा दुसऱ्याची वाटली.

पाणवठा कोरडा पडला होता. त्याच्या शेजारी पाला दबलेला होता, एखाद्यानं गादी अंथरून झोपावं तसा. पायलताई खाली बसली, तळवा टेकवला आणि लगेच उचलला. "गरम आहे अजून," ती म्हणाली. मग ज्या दिशेला जनावराचं डोकं असावं त्या दिशेला तिनं पाहिलं. जानराव, तिकडे जंगल नव्हतं. तिकडे आमची वाट होती. आम्ही दर रविवारी जिकडून येतो ती.

परतताना माणिकबाई भेटली. डोक्यावर मोहाची टोपली. मी विचारलं, "बाई, वाघीण फिरते का इकडं?" तिनं टोपली खाली ठेवून माझ्या तोंडावर हात धरला. "बाबूजी, उसका नाव नको घेऊ. नाव घेतलं का तिले वाटते बुलावून राहिले."

मी हसलो. दीक्षा हसली नाही. म्हणाली, "काका, उगाच नका हसू."

लिहून बसलो. खोडलं तर तुला कळेलच, म्हणून खोडत नाही. होय, दीक्षा आमच्याबरोबर येते. तू गेलास त्याच्या पुढच्या रविवारपासून. तिचे कोचिंग क्लास रविवारी बंद असतात. मी तिला नको म्हटलं नाही. ती म्हणाली, "बाबा रुसले तर रुसले, पाणवठा तर नाही रुसला." तुझीच पोरगी. मी कोण तिला अडवणारा, असं मी मनाला सांगत होतो. आज तसं सांगता येत नाही.

तूच तिला फोन कर. माझं नाव घेऊ नकोस.

देवीदास


अमरावती
७ एप्रिल, सोमवार

जान्या,

हे पत्र उभ्यानं लिहितो आहे. बसलो की उठून दाराची कडी बघून येतो.

ते पाऊल दिसल्यावर पायलताईनं पाणवठ्याजवळच्या झाडाला कॅमेरा बांधला होता. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो. काल ती आणि दीक्षा ट्रॅक्टरच्या सावलीत बसून ते फोटो बघत होत्या. मी पाणी पीत होतो. मोर, सांबर, एक अस्वल आणि मग ती. दोन बछडे. सुंदर, काय सांगू, एखाद्या चित्रासारखी. मी म्हटलं, "वा!"

दीक्षा एकच फोटो मोठा करून करून बघत होती. मग तिनं फोन खाली ठेवला.

"काका, कविता आपण कुठून सुरू करतो?"

"डांबरी सोडली की."

"आन् आपण इथं पोचाच्या आधी ते कुठं असते?"

"पळून जाते ना! त्यासाठीच तर म्हणतो आपण."

"काका," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते पळून नाही राहिली. ते येऊन राहिली."

फोटो असे होते. आमचा पत्ताही नसतो तेव्हा पाणवठ्याशी कोणी नसतं. आम्ही रस्ता सोडून गायला लागायच्या वेळेला ती ओढ्याकडून येते, कोरड्या पाणवठ्याशी बसते आणि आमच्या वाटेकडे तोंड करते. ट्रॅक्टर दिसू लागला की उठून जाळीत जाते. आम्ही पाणी भरून गेलो, की लगेच बाहेर. जाळी म्हणजे कुठली? मी ज्या दगडावर बसून घाम पुसतो त्याच्या मागची. दर रविवारी. आम्ही डबे उघडून भाकरी खातो तेव्हा ती तिथे असते, बछड्यांना घेऊन.

तुला समजलं? मीच समजायला किती वेळ लावला. आम्ही समजत होतो की कविता तिला दूर हाकलते. तिला ठाऊक होतं, की कविता झाली की पाणी येतं. गाईला चरवीचा आवाज कळतो तसं. मी वर्षभर तिला बोलावत होतो, आणि तिची पिल्लं तर त्या आवाजातच वाढली.

पायलताई म्हणाली, आजपासून तोंडं बंद. आत दूरवर सौर पंप बसवायचं ठरलं आहे, तो सुरू झाला की इथलं पाणी थांबवायचं. तोवर पाणी एकदम तोडलं तर ती तहानेनं गावाकडे जाईल. म्हणून पाणी द्यायचं, पण मुक्यानं. तुझाच शब्द. मी मान हलवली. सुटलो असं वाटलं.

आणि तेव्हाच ओढ्यापलीकडून, मोहाच्या झाडांखालून, आचलचा आवाज आला.

वाट पाहतो कोणाची?

टोपल्या वाजल्या. जान्या, ती पोरं पहाटेपासून मोहाखाली वाकून वेचत असतात. मोठी माणसं एका झाडाशी, पोरं दुसऱ्या झाडाशी. वाकलेलं पोर केवढं दिसतं? चितळाएवढंसुद्धा नाही.

दीक्षा धावत गेली. पोरांना गप्प केलं, समजावलं. पोरं हसली. ती मागे वळली आणि त्यांनी पुन्हा सुरू केली, जास्तच जोरात. आपणही चौथीत तेच केलं असतं.

काल काही झालं नाही. पण मोह अजून टपकतोय, आणि पोरांना माझी कविता तोंडपाठ आहे. ती त्यांना विसरायला कशी लावू? शिकवायची रीत गुरुजींनी दाखवली होती, विसरायला लावायची दाखवली नाही.

तू ये. तुझं पोरं ऐकतात.

देवीदास


अमरावती
१४ एप्रिल, सोमवार

जानराव,

आधी हे वाच. दीक्षा आत्ता पांढरी साडी नेसून इर्विन चौकाकडे गेली. माझ्या घरावरून गेली, दारात उभी राहून पाणी प्यायली, म्हणाली, "काका, जयंतीचा लाडू आणते." तिला ओरखडाही नाही. आता पुढचं वाच.

शनिवारी ती कोहापाणीला एकटीच गेली होती. गावाच्या शाळेत पोरांना बसवून तिनं सांगितलं, की हे गाणं जंगलात म्हणायचं नाही. आचलनं विचारलं, "मंग घरात म्हनू?" माणिकबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरांनी कबूल केलं. पोरांच्या कबुलीवर आम्ही सगळे निजलो.

काल आम्ही मुक्यानं गेलो. पाला पायाखाली वाजला तरी कानाला लागत होता. आम्ही म्हणजे मी, दीक्षा, पायलताई आणि देवानंद. बाकी मंडळाला मी येऊ नका म्हणून कळवलं होतं. ट्रॅक्टर पाणवठ्याशी उभा केला. इंजिन बंद. देवानंद नळीला हात घालणार तेवढ्यात पलीकडून सुरू झालं. ओढ्याकाठी उभा पळस.

हळू आवाजात म्हणत होती पोरं. नको म्हटलेलं काम पोरं हळूच करतात.

वानर खाकरलं. आमच्या आणि पोरांच्या मध्ये, ओढ्याच्या काठावरच्या अर्जुनावर. ते झाडावर उभं राहून खाली बघत होतं आणि त्याचं तोंड आमच्याकडे नव्हतं, पोरांकडे होतं. जमिनीवरचं काहीतरी तिकडे सरकत होतं आणि वानराची मान त्याच्याबरोबर सरकत होती. मला वाघीण दिसली नाही. मला फक्त ती मान दिसत होती. तेवढं पुरेसं होतं.

"ओढ्यातून नको," पायलताई दीक्षाला म्हणाली, "रस्त्यानं फिरून." दोघी निघाल्या. त्या वळणाला लांबून वळसा आहे, तुला माहीत आहे. ओरडावं म्हटलं, तर घाबरून पोरं पळतील, आणि पळणाऱ्याच्या मागे काय लागतं ते तुला सांगायला नको.

देवानंदनं माझ्याकडे पाहिलं. "काका, आता?"

मी काही ठरवलं नाही. ठरवायला डोकं जागेवर लागतं. मी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढलो. कसा चढलो देव जाणे, घरी मला खुर्चीवर चढू देत नाहीत. आणि गुरुजींची कविता म्हणायला लागलो. पहिली ओळ आली. दुसरी आलीच नाही. जानराव, जी कविता मला तापात आठवते, जी मी माझ्या लग्नात म्हटली, तिची दुसरी ओळ मला सापडेना!

"म्हना ना," देवानंद खालून कुजबुजला. "डोईवर कायतरी हाय."

डोईवरती जळता कळस! मी ओरडलो. आवाज फाटला. तुझ्यापेक्षाही फुटका, खुश हो. देवानंदनं नळी सोडली आणि पाणी सिमेंटवर आपटायला लागलं.

वाट पाहतो कोणाची?

वानराची मान थांबली.

वाट पाहतो पाण्याची, असं मी एकट्यानंच उत्तर दिलं. पुन्हा पहिल्यापासून धरली. वानर वळलं. आता त्याचं तोंड माझ्याकडे होतं, आणि ते पुन्हा खाकरलं, आणि मग अलीकडच्या झाडावरचं दुसरं वानर खाकरलं. ती येत होती. मी बोलावलं म्हणून येत होती.

आधी बछडे आले. त्यांना आमची पर्वाच नव्हती, थेट पाण्यात पाय. मग जाळी हलली, वारा नसताना. ती आली आणि पाणवठ्याच्या पलीकडे उभी राहिली. माझा आवाज बंद पडला. तिनं मान वर केली, मागे ओढ्याकडे वळवली.

"थांबू नका काका," देवानंद म्हणाला. तो चाकाच्या आड दडला होता, आणि मला फक्त त्याची टोपी दिसत होती. "तुमच्या पाया पडतो, थांबू नका."

मी म्हणत राहिलो. कविता संपली की पुन्हा सुरू. ती वाकली आणि प्यायला लागली. पिताना तिनं डोळे मिटले नाहीत. ते माझ्यावरच होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला समजलं असतं. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती. गुरुजींनंतर माझी कविता इतकी लक्ष देऊन कोणी ऐकलेली नाही, आणि तेव्हा माझं धोतर ओलं झालं होतं, तुला म्हणून सांगतो.

मग लांबून पायलताईची शिट्टी आली. पोरं गावात पोचल्याची खूण. मी मटकन पत्र्यावर बसलो. ती बराच वेळ पीत राहिली. मग बछड्यांना घेऊन जाळीत गेली, माझ्या दगडामागे. आम्ही ट्रॅक्टरवरून उतरलो नाही. देवानंदनं तो तसाच मागे मागे रस्त्यापर्यंत आणला.

ढोल ऐकू येताहेत, मिरवणूक निघाली असावी. दीक्षा लाडू घेऊन येईल. मी तिला सांगितलं आहे, की बाबाला सगळं लिहिलं. ती म्हणाली, "मंग आता ते येतीन."

देवीदास


अमरावती
५ मे, सोमवार

जान्या,

तू आला नाहीस, पण तू दीक्षाला फोन केलास, रोज करतोस, हे तिनं सांगितलं. माझं नाव घेतलं नाहीस हेही सांगितलं. चांगलं केलंस.

मोह संपला. आतला सौर पंप सुरू झाला आहे, तिकडे माणसाचं जाणं नाही, कवितेचं तर नाहीच. आपला पाणवठा मंडळानंच फोडला. घण मारायला सगळे आले होते, फक्त मी रस्त्यावर गाडीत बसलो. सगळं मुक्यानं चाललं होतं. घणाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मंडळ आता ओढ्याच्या अलीकडेच राहणार. जाळरेषा, कचरा, गावातल्या विहिरीवर जाळी. पुष्कळ काम आहे.

कोहापाणीच्या शाळेत आता ती कविता कोणी म्हणत नाही. दीक्षाला विचारलं तर म्हणाली, आचलनं एवढंच म्हटलं, "गाण्यावाल्या बाबाले सांगजो, दुसरी दे." मला दुसरी आठवत नाही. शंभर कविता पाठ असलेला माणूस मी, एकही आठवत नाही.

भीती गेली असेल असं तुला वाटेल. पायलताईनं कॅमेरा अजून काढलेला नाही. काल तिनं फोटो दाखवला. फुटलेल्या सिमेंटच्या तुकड्यांशेजारी ती बसली होती. आत पाणी आहे, ती तिथे पितेही, तसेही फोटो आहेत. तरी रविवारी सकाळी ती इथे येऊन बसते. तोंड आमच्या वाटेकडे. बछडे आता तिच्या खांद्याला लागले आहेत. पायलताई म्हणते, सवय आहे, पावसाळ्यात मोडेल. मोडेलही. पण मोडेपर्यंत त्या वाटेनं कोणी गुराखी गुणगुणत गेला तर? कोणाच्या मोबाइलवर गाणं वाजलं तर? तिला कुठे शब्द कळतात. तिला माणसाचा गाणारा आवाज कळतो.

आज सकाळी आंघोळ करताना तोंडात पहिली ओळ आली, मग दुसरी. अमरावतीत, बंद मोरीत, रस्त्यावर ऑटो वाजताहेत. आणि प्रश्न म्हणून झाल्यावर मी तांब्या हातात धरून थांबलो. दाराबाहेर कोणी आलं का ते ऐकत राहिलो. पाणी अंगावर वाळलं. उत्तराची ओळ मी म्हटली नाही. ती म्हटली की कोणीतरी आत येईल असं वाटत होतं.

ती ओळ तुझी आहे. चौथीपासून तुझीच होती, मी उगाच गावाला वाटली. तू एकदा ये, जान्या. मी विचारणार नाही आणि तू म्हणू नकोस. नुसते ओसरीवर बसू, गप्प.

देवीदास